तिसऱ्या मजल्यावरचा चमत्कार

सोमवार, ४ मार्च
परदेशात येऊन महिना झाला, एकही आत्मा हाती लागला नाही. दोष माझा नाही. इथली दारं फार जाड आहेत. आज पाळकसाहेबांनी बोलावून बजावलं: रविवारच्या उपासनेला एक तरी नवा माणूस आण, नाहीतर दारोदारचा उपदेश बंद आणि रवानगी तळघरात, दानात आलेले कपडे निवडायला. मी! कॉलेजला वक्तृत्वाची ढाल मिळवून देणारा माणूस मोज्यांच्या जोड्या लावणार?
संकल्प: पहाटे उठणे. आवाज कमावणे.

मंगळवार, ५ मार्च
पहाट हुकली. आवाज मात्र तयार.
नियमाप्रमाणे आम्ही जोडीनेच फिरतो. माझा जोडीदार म्हणजे तोंडात गुळणी धरलेला माणूस. तिसऱ्या मजल्यावर एका आजींनी चक्क दार उघडलं, आत या म्हणाल्या. एकट्याच राहतात. गुडघे धरलेत, कानाला ऐकायचं यंत्र. मी मोक्षाला हात घातला. आजींनी यंत्र काढून टेबलावर ठेवलं, विणकाम घेतलं आणि शेवटपर्यंत मान डोलावत ऐकलं. यंत्राशिवाय! तेवढ्या वेळात जोडीदार स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करत बसला. मला लाज वाटली.

बुधवार, ६ मार्च
पुन्हा तेच. मी उभा राहिलो की यंत्र टेबलावर. बहिऱ्यांना ऐकू आल्याचं पवित्र शास्त्रात वाचलं होतं. माझ्या तोंडून घडेल असं वाटलं नव्हतं. म्हणजे वाटलं होतं, पण इतक्या लवकर नाही.
परीक्षा म्हणून विचारलं, पापाचं ओझं जाणवतं का? आजी म्हणाल्या, घे की, बिस्किटं तुमच्यासाठीच काढलीत. ओझं उतरल्याचीच ही खूण.

गुरुवार, ७ मार्च
जिन्यात जोडीदार म्हणाला, अरे, त्यांना ऐकूच येत नसेल तर? मी म्हणालो, शंका घेणारे पाण्यात बुडतात. तो म्हणाला, बरं, आज त्यांचं कपाट हलवायचंय, एक बाजू धरशील का? पालथ्या घड्यावर पाणी!
आईला फोनवर चमत्कार सांगितला. आई म्हणाली, नवलच आहे बाई, तू बोलायला लागलास की तुझ्या बाबांना तर झोप लागायची. आईला पहिल्यापासून थट्टा आवडते.

शुक्रवार, ८ मार्च
पाळकसाहेबांना सांगितलं. नम्रपणे, पण सगळं. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, रविवारी आजींनीच साक्ष द्यावी.
माझा घसा बसल्यामुळे आमंत्रण जोडीदाराने दिलं. आजी त्याला म्हणाल्या, तू म्हणतोस तर येईन रे बाळा. बघत मात्र माझ्याकडे होत्या. बहुतेक.

शनिवार, ९ मार्च
संकल्प: उद्या बडेजाव नको. लोक पाया पडू लागल्यास पाय मागे घेणे, पण सावकाश. शर्टाला इस्त्री स्वतः करणे.
इस्त्री जोडीदाराने केली.

रविवार, १० मार्च
थोडक्यात लिहितो.
सभागृह गच्च. आजी जोडीदाराचा हात धरून आल्या. पाळकसाहेबांनी विचारलं, या तरुणाचे शब्द यंत्राशिवाय कसे ऐकू येतात, सर्वांना सांगा. आजी माइकवर म्हणाल्या, छे हो, ऐकू कुठलं येतंय! पोर गुणाचं आहे, पण आवाज म्हणजे नुसता फुटका नगारा. म्हणून तर काढून ठेवते. हातवारे मात्र झकास करतो, त्या तालावर टाके भराभर पडतात.
लोक हसले. पहिल्या रांगेतले जरा जास्तच.
मग जोडीदाराकडे बोट दाखवून म्हणाल्या, मी आले ती याच्यामुळे. नळ दुरुस्त केला आणि विचारलं, आजी, दिवसभर कुणाशी बोलता? किती वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मग कुणी हसलं नाही.
निघताना विणलेला मफलर माझ्याच गळ्यात घातला. म्हणाल्या, घसा सांभाळ रे, राजा. मी आभार मानले. त्या वेळी यंत्र कानात होतं.

सोमवार, ११ मार्च
तळघर. नवा माणूस आला खरा, पण जोडीदाराच्या खात्यावर. पाळकसाहेब म्हणाले, काही दिवस ऐकायची सवय कर.
इथे ओव्हरकोट ओळीने टांगलेत. शिस्तीचा समुदाय. सहज मोक्षाचा विषय काढला. पुढच्या रांगेतला काळा कोट डोलू लागला. मी आवाज चढवला. कोट भारावून गेला.
जोडीदार मोज्यांचं पोतं ठेवायला आला, जाताना पंखा बंद करून गेला.