दूध सुटेपर्यंत

मु. मोहटोला, पो. गोरेगाव, जि. भंडारा
ता. २४ जुलै १९५६

॥ श्री ॥

तीर्थस्वरूप केशोदादास,

धाकट्या अनुसयेचा साष्टांग नमस्कार. वि. वि. इकडे आम्ही खुशाल आहोत. भंडाऱ्याला वकिलाचा मुन्शी झाल्यापासून तुझी पत्रं तलाठ्याच्या दवंडीसारखी झाली आहेत, दोन ओळी आणि खाली सही. या वेळी जरा सविस्तर लिहावं, ही विनंती.

धानाची रोवणी लागली आहे. बाबा पुढे आणि मी केवलला कडेवर घेऊन मागे, असे आम्ही चिखलाच्या बांधीत उतरतो. बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसून त्याला पाजते, आणि तेवढीच बायकांची करमणूक होते. पोरगा पावणेचार वर्षांचा, तोंडात सगळे दात, पऱ्ह्यांच्या रोपांची जुडी उचलून बायकांना नेऊन देतो आणि परत येऊन पदराखाली शिरतो. बायका विचारतात, की याले आता लगनाच्या मांडवातच सोडतेस का वो बाई. मी सांगते, नवरी चांगली मिळाली तर आधी सोडीन. हसते, पण दादा, आतून जीव जळतो.

काडीमोड झाली त्या दिवशी तू कोर्टाच्या कामात अडकला होतास, म्हणून पुन्हा लिहिते. चैतरामांनी शामकलेला घरात आणलं आणि मी माहेरी आले. मग नागऱ्याच्या देवळासमोर जातीचे पंच बसले आणि गवताची काडी मोडून आम्हाला मोकळं केलं. त्यानंतर पोराची गोष्ट निघाली. छोटेलाल पंच म्हणाले, की अंगावरचं दूध सुटेपर्यंत पोर आईचं, सुटलं की बापाचं. बाबांनी सगळ्यांसमोर विडा उचलला. केवल तेव्हा अडीच वर्षांचा होता. सगळ्यांना वाटलं, दोन-चार महिन्यांची बाब आहे. मी तसं वाटू दिलं. घरी आले आणि त्याचं दूध सोडवलंच नाही. पंचांनी दिलेला शब्दच मी धरून बसले आहे.

पण किती दिवस धरू? दूध आता नावालाच येतं. अंगात कणकण असते, आणि बाबा माझ्याकडे बघणं टाळतात. तुझ्या वकीलसाहेबांना एक विचार. पंचांचं राहू दे, सरकारच्या कायद्यात पोर कोणाचं? मला पोटगी नको, चैतरामांच्या घरचा धानाचा दाणा नको. एवढंच विचारून कळव.

वहिनींना नमस्कार. बहीण मागायला लागली म्हणून माया आटू देऊ नकोस.

तुझी
अनुसया

भंडारा
ता. १६ सप्टेंबर १९५६

चि. अनुसयेस केशोरावचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दवंडीवाल्याची दवंडी ऐक, या वेळी लांब आहे. तुझं पत्र आलं तेव्हा वकीलसाहेब म्हणाले होते, की थोडं थांबा, दिल्लीत काहीतरी शिजून राहिलं आहे. ते आता शिजलं. हिंदूंच्या अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलांबद्दल नवा कायदा झाला आणि गेल्या महिन्यात लागू झाला. मी स्वतः साहेबांच्या टेबलाशी बसून वाचला. पालक बाप खरा, पण मुलाला पाच वर्षं पुरी होईपर्यंत त्याचा ताबा सामान्यपणे आईकडेच राहील, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. पोर दूध पितं की भाकर खातं, याच्याशी कायद्याला काही घेणं नाही. तो वय बघतो.

तेव्हा बाई, आता पुरे कर. ज्या अंगात कणकण आहे त्या अंगाने त्याला पाजू नकोस. तुझा हट्ट मोठा, आणि त्याने दीड वर्ष पोर राखलं हेही खरं, पण आता तुझ्या पाठीशी सरकार आहे. केवल पाच वर्षांचा व्हायला अजून वर्ष आहे. तोवर तो तुझ्याजवळ रुजेल, आणि रुजलेलं रोप कोर्टसुद्धा सहजासहजी उपटत नाही, असं साहेबांचं मत आहे.

बिनघोर राहा. दूध सोडव, चार घास जास्त खा. बाबांना नमस्कार, केवलला पापा. भावाची आठवण कामापुरती नव्हे, एरवीही येऊ दे.

तुझा
केशोदादा

मोहटोला
ता. २५ ऑक्टोबर १९५६

॥ श्री ॥

ती. केशोदादास अनुसयेचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मी इतकं वाचलं, की घडीवर फाटलं. तू सांगितलंस तसं केलं. कडुनिंबाचा पाला वाटून अंगाला लावला. केवलने तोंड घातलं आणि असं काही वाकडं केलं, की मला हसू आलं आणि मग रडू आलं. दोन दिवस तो माझ्याजवळ आला नाही, बाबांच्या गुडघ्याला टेकून बसला आणि मी दिसले की थुंकायचा. तिसऱ्या दिवशी त्याने आपण होऊन भात मागितला. आता वरणभात खातो, वर ताटली चाटतो. आई गं, हे आधीच केलं असतं तर बरं, असं वाटलं.

बायकांनी विचारलं, मी सांगून टाकलं. लपवायचं काऊन? छोटेलाल पंचांची सून पाणवठ्यावर होती, तिनेही ऐकलं. ऐकू दे म्हटलं. बाबांना सांगितलं तेव्हा ते पान लावत होते, ते तसंच ठेवून उठले. त्यांचं तुला माहीत आहे, नवीन काही पचायला त्यांना वेळ लागतो.

दिवाळी जवळ आली आहे. केवलसाठी गोरेगावच्या बाजारातून लाल सदऱ्याचं कापड आणलं. शिवून झालं की त्याला घालून दाखवीन, पण त्यासाठी तुला इकडे यावं लागेल. भाऊबीजेला वाट बघते. पत्राने ओवाळता येत नाही, हे मुन्शीसाहेबांनी ध्यानात घ्यावं.

तुझी
अनुसया

मोहटोला
ता. १८ नोव्हेंबर १९५६

ती. केशोदादास नमस्कार.

केवलला नेलं.

भाऊबीजेला तू येऊन गेलास, त्यानंतर चार-सहा दिवसांतच चैतराम आले. सोबत छोटेलाल आणि आणखी दोघे. ओसरीत बसले, पाणी प्यायले, धान कसं झालं ते विचारलं. मग छोटेलाल म्हणाले, की टिकारामभाऊ, पोरग्याचं दूध सुटलं असं ऐकून रायलो. बाबा म्हणाले, की हो, सुटलं.

मी तुझं पत्र आणलं आणि उभं राहून वाचून दाखवलं. शेवटपर्यंत वाचलं. त्यांनी ऐकूनही घेतलं. मग छोटेलाल काही न रागावता म्हणाले, की कायदा भंडाऱ्यात रायते बाई, आमी गावात रायतो. दूध चालू असतं तर आमी या अंगणात पायसुद्धा ठेवला नसता. चैतराम म्हणाले, की मी दीड वर्ष थांबलो, एक शब्द बोललो नाही, पंचांचं मानलं. आणि दादा, हे खरं आहे. ते खरंच थांबले होते.

मी बाबांचे पाय धरले. बाबा म्हणाले, मी विडा उचलून बसलो, आता कोन्या तोंडानं नाही म्हनू. केवलला त्यांनी स्वतः उचलून बैलगाडीत बसवलं. गाडीत बसायला मिळालं म्हणून तो खूश होता. मला म्हणाला, आई तू पण चढ.

तू म्हणाला होतास सरकार पाठीशी आहे. ते कुठे आहे ते सांग, मी तिथे जाते.

अनुसया

भंडारा
ता. २६ नोव्हेंबर १९५६

चि. अनुसयेस आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचल्यापासून घास उतरत नाही. मी कायदा वाचला आणि पंचांना विसरलो. तुझ्या हातात जी राखण होती ती मीच सोडायला लावली. पोर तुझ्याजवळ असताना तो कायदा भिंत होता. आता पोर तिकडे आहे, आणि त्याला आणायचं तर अर्ज, नोटीस, जबाब, तारीख, एवढ्या पायऱ्या चढाव्या लागतील. हे मला, रोज हेच कागद लिहिणाऱ्या माणसाला, कळायला हवं होतं.

अर्ज आज दाखल केला. साहेबांनी फी घेतली नाही. कोर्टात सध्या गोंधळ आहे. आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, साहेब लोक बदलत आहेत, कोणता कागद कुठे जाणार हे कोणालाच माहीत नाही. तरी पाच वर्षं व्हायच्या आत हुकूम मिळवायचाच, एवढंच डोक्यात आहे.

मला वाटेल ते बोल, पण पत्र बंद करू नकोस.

केशोदादा

मोहटोला
ता. ९ जून १९५७

॥ श्री ॥

ती. केशोदादास अनुसयेचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुला बोलण्यासारखं काही नाही. पाला मी वाटला, तू नाही. पुन्हा तसं लिहिलंस तर वहिनींकडे तक्रार करीन.

मागच्या तारखेला चैतरामांचे वकील आले नाहीत, त्याच्या आधी निवडणुकीमुळे काम झालं नाही, त्याच्याही आधी जुने जज्जसाहेब बदलून गेले. भंडाऱ्याचा रस्ता मला आता आमच्या बांधीच्या धुऱ्यासारखा पाठ झाला आहे. पुढची तारीख पावसाळ्यानंतरची आहे म्हणे. कोजागिरीला केवलला पाच पुरी होतात. हे कोर्टाला कोणी सांगितलं आहे का, की त्यांच्याकडे पोरं वाढत नाहीत?

वकीलसाहेबांनी बाबांना साक्षीला बोलावलं आहे. पंचांच्या दबावाने मान हलवली, एवढं म्हणा, असं त्यांचं सांगणं. मी बाबांना विचारलं. ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होते. मग म्हणाले, की माह्यावर कोनी दबाव नोता टाकला, पोरी. मले वाटलं होतं, तू तरनी आहेस, पोर गेलं की तुझा पाट लावून देऊ, तुझं घर पुन्हा बसेल. म्हणून विडा उचलला. कोर्टात खोटं बोलणार नाही म्हणाले.

त्यांच्यावर रागावता येत नाही, हेच वाईट आहे. चैतरामांवरही नीट येत नाही. कोणावर रागवायचं ते तुझ्या कायद्याच्या पुस्तकात सापडलं तर पाहा. धाकटीवर जीव आहे तसाच राहू दे.

तुझी
अनुसया

भंडारा
ता. १२ डिसेंबर १९५७

चि. अनुसयेस अनेक आशीर्वाद. वि. वि.

निकाल काल लागला. गोल गोल लिहून तुला फसवत नाही. आपण हरलो.

जज्जसाहेब म्हणाले, की अर्ज केला तेव्हा मूल पाचाच्या आत होतं हे खरं, पण आज नाही. आज बाप पालक आहे, मूल वर्षभर त्याच्या घरी आहे, त्याला शेती आहे, घरात बाई आहे आणि मुलाची हेळसांड झाल्याचा पुरावा नाही. आईचं स्वतःचं उत्पन्न नाही, आणि खुद्द तिच्या बापाने आपण राजीखुशीने शब्द दिल्याचं सांगितलं आहे. मुलाला पुन्हा हलवणं त्याच्या हिताचं नाही. रुजलेल्या रोपाबद्दल मी तुला लिहिलं होतं, ते असं खरं झालं.

आईने महिन्यातून एक दिवस बापाच्या घरी जाऊन मुलाला भेटावं, कोणी अडवू नये, एवढा हुकूम आहे. वकीलसाहेब म्हणतात की अपील करता येईल, आणि पोटगीचाही अर्ज करू. मी कागद तयार ठेवले आहेत, तू फक्त हो म्हण. तोपर्यंत तो एक दिवस तरी सोडू नकोस. भावाची ही एवढी तरी गोष्ट ऐक.

तुझा
केशोदादा

मोहटोला
ता. ३ एप्रिल १९५८

॥ श्री ॥

ती. केशोदादास अनुसयेचा साष्टांग नमस्कार. वि. वि. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. वहिनींचा खोकला बरा असेल. आमच्याकडे मोहफुलं पडू लागली आहेत, पोरीबाळी टोपल्या घेऊन रानात जातात.

मी दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा माघात. बोदलकशाच्या तलावाला वळसा घालून त्यांच्या गावात शिरले, तर केवल लांबून पळत आला. मला ओळखेल की नाही अशी धास्ती होती, ती उगीच होती. दिवसभर मांडीवरून उतरला नाही. शामकलेने तलावाची मासोळी रांधली होती. ती बाई वाईट नाही, त्याच्या डोक्याला तेल लावते, त्याचे कपडे स्वच्छ असतात. जेवल्यावर तो माझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपला. शामकला हळूच म्हणाली, की आताच निघा बाई, जागा झाल्यावर लय आकांत करंल. मलाही पटलं. एकेक बोट सोडवून पदर काढला आणि निघाले.

मग गोरेगावच्या बाजारात शामकलेचा भाऊ भेटला. म्हणाला, पोरगा त्या दिवसापासून दिवसा डोळा मिटत नाही. रात्री शामकलेचा हात धरून ठेवतो, डुलकी लागली की दचकून उठून बघतो, ती आहे का. मला वाटलं, लहान आहे, विसरेल.

गेल्या महिन्यात दुसऱ्यांदा गेले. डोळ्यांखाली काळं झालं आहे त्याच्या. माझ्यासमोर बसून राहिला, खेळला नाही, नुसता माझ्याकडे बघत होता. शामकलेने ताट वाढलं, मी घास केला, त्याने तोंड मिटून घेतलं. आवडीचा वरणभात होता. मी विचारलं काऊन जेवत नाहीस, तर म्हणाला, की जेवलं की झोप येते. संध्याकाळपर्यंत उपाशी, उघड्या डोळ्यांनी बसला. निघाले तेव्हा जागा होता. चैतरामांनी त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं आणि ते स्वतःही रडत होते. तलावाचा वळसा संपेपर्यंत आवाज येत होता.

या महिन्याचा दिवस गेला. मी गेले नाही. दादा, अपील करू नकोस, पोटगीचा कागदही फाडून टाक. कोर्टाने दिलेला दिवस मी वापरणार नाही, साहेबांना तसं कळव. त्यांना विचित्र वाटेल, पण तू समजावून सांग. मी गेले नाही तर तो महिना-दोन महिने वाट बघेल. मग केव्हातरी पोटभर जेवेल आणि झोपेल.

मला तुझ्याशिवाय पत्र लिहायला कोणी नाही, तेव्हा बहिणीवरची माया होती तशीच असू दे.

तुझी
अनुसया