टपालवाली म्हणाली ‘सरी’

२ फेब्रुवारी १९९७, रविवार
आधी वही खाली ठेव, सुधींद्र. रूममेट आहेस, सेन्सॉर बोर्ड नाहीस. आणि सकाळचं तुझं म्हणणं साफ चूक आहे. मी ‘टपालवाली’चा शेवट बिघडवत नाहीये, मोकळा करतोय. फरक आहे.

वाचतोच आहेस तर नीट वाच. १९४१चा संगीतपट. बाप आजारी पडतो, त्याची टपालाची थैली दुर्गा स्वतःच्या खांद्यावर घेते. अकरा गावं, अकरा गाणी. शेवटी इनामदाराचा मुलगा नदीकाठी पालखी घेऊन उभा. लग्न कर म्हणतो. ती म्हणते, “तुमचं पत्र आलं तर आणून देईन,” आणि गात गात नदीत उतरते. खलास. इथल्या मराठी मंडळाच्या व्हिडिओ कॅसेटवर सात वेळा पाहिलंय. अशी खमकी बाई पुन्हा पडद्यावर झाली नाही.

पण आज, १९९७ साली, ती नुसती निघून जाणार? माझ्या नाट्यरूपांतरात ती अर्ध्या नदीतून परत येते. आपणहून! स्वतंत्र बाईचा सगळ्यात धाडसी निर्णय म्हणजे होकार. हे अजून कोणी लिहिलेलं नाही.

प्रयोग २३ तारखेला, मंडळाच्या हॉलमध्ये. दुर्गा: शाल्मली. इनामदाराचा मुलगा: मी. (दुसरं कोणी मिळालं नाही असं सांगायचं.)

५ फेब्रुवारी, बुधवार
तालीम चामराजपेटेत, शाल्मलीच्या गच्चीवर. तिच्या घरचे चार पिढ्या इथले, कन्नड मुलखातले. मराठी बोलतात, पण घासात खडे लागावेत तसे कन्नड शब्द लागतात. ती पार येलहंक्याच्या शाळेत शिकवते, दोन बस बदलून जाते. दुर्गाच की.

नवा शेवट वाचून म्हणाली, “ती परत का येते, अण्णा?”
मी म्हटलं, प्रेम.
“मग टपाल कोण देणार?”
प्रश्न बाळबोध आहे. उत्तर सुचलं की लिहीन.

‘अण्णा’ म्हणजे थोरला भाऊ, पण त्याचं टेन्शन घ्यायचं नाही. इथे रिक्षावाल्यालाही अण्णा म्हणतात. सुधींद्रला हे सांगितलं तर म्हणतो, “हो, आणि रिक्षावाल्याशी कोण लग्न करतंय?”

संकल्प: रविवारच्या आत तिला विचारायचं. समोरासमोर. डोळ्यांत बघून.

८ फेब्रुवारी, शनिवार
गेलो होतो. तिचे वडील आप्पाजी मध्ये बसले. पाऊण तास नळाच्या पाण्यावर बोललो. त्यांच्या डोळ्यांत बघून.
फोन जास्त आधुनिक.

९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ११.४०
झालं!!
बूथवरून फोन केला. सगळं एका दमात बोललो. म्हटलं, नाटकातला माझा शेवट आपण दोघांनी खऱ्या आयुष्यात केला तर? ती म्हणाली, “स्वल्प थांबा.” आतून भांड्याचा आवाज. परत आली. “हां अण्णा, दूध उतू जात होतं.” मी म्हटलं, “तर मग?”
ती म्हणाली, “सरी.”
आणि फोन ठेवला. लाजली असणार.
सरी! एवढं कन्नड मला येतं. वाण्याला अर्धा किलो रवा म्हटलं की तो सरी म्हणतो. सरी म्हणजे ठीक. सरी म्हणजे चालेल.
लगेच पुण्याला एसटीडी. आई ओरडून विचारतेय, मुलगी काय म्हणाली? मी ओरडून सांगितलं, सरी म्हणाली! लाइनीत खरखर. आईने पुन्हा विचारलं, सरी? मी म्हटलं, हो, सरी! मग, “बरं. बघते.”
इतकी थंड का? आनंदाने असेल.

१२ फेब्रुवारी, बुधवार
सुधींद्र बेळगावचा, म्हणून स्वतःला कन्नडची डिक्शनरी समजतो. म्हणे फोन ठेवतानाही सरी म्हणतात. “तुमचं ‘बरं, ठेवतो’ असतं ना, तसं. परत विचार की लेका.”
अजिबात नाही. स्वतंत्र बाईला तोच प्रश्न दोनदा विचारणं हा तिच्या निर्णयाचा अपमान आहे. शिवाय बेळगावचं कन्नड वेगळं असतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार
आईचं पत्र. २२ला उद्यान एक्स्प्रेसने येतेय. पुढे लिहिलंय: “मुलीने पहिल्याच बोलण्यात सरी मागावी हे मला रुचलं नाही. पण तुझ्या आजीची गळ्यातली सरी आहे, सोन्याची, ती उजळायला टाकली आहे. घेऊन येते.”
पत्र चार वेळा वाचलं.
आईला कन्नड शिकवायची ही वेळ नव्हे. सरी मिळाली तर कुठली मुलगी नको म्हणेल?
सुधींद्रच्या हाती लागू नये म्हणून गादीखाली ठेवलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार
तालमीत नदी म्हणजे निळी चादर. शाल्मली मधोमध जाते आणि तिथेच थांबते. “पाय वळत नाहीत, अण्णा.” मी तिला स्वातंत्र्यावर चाळीस मिनिटं समजावलं. उत्स्फूर्तपणे किती पावलं टाकून परत यायचं तेही आखून दिलं. चार.
ती म्हणाली, “सरी.”
बघ सुधींद्र!
(कुठलं सरी, ते विचारलं नाही.)

२२ फेब्रुवारी, शनिवार
आई आली. रिक्षात तीन वेळा पर्स उघडून डबी चाचपली. तिच्या घरच्यांना कधी भेटायचं? म्हटलं, प्रयोगानंतर. घरी सुधींद्रने चहा केला आणि “मावशी, एक सांगू का,” म्हणाला. मी त्याला बिस्किटं आणायला पिटाळला. घरात दोन पुडे होते.

२३ फेब्रुवारी, रविवार, दुपारी ४
सगळं कंट्रोलमध्ये आहे. आई तिसऱ्या रांगेत बसणार. मिशी दोनदा उलटी चिकटवली, पण ते कलावंताचं होतंच.

२४ फेब्रुवारी, सोमवार
ऑफिसला गेलो नाही.
मी काठावर हात पसरून उभा. ती चादरीच्या मधोमध. थांबली. वळली. मी मनात मोजायला लागलो. एक. दोन. तिसऱ्या पावलाला थैली खांद्यावर नीट केली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमचं पत्र आलं तर आणून देईन.” हे माझ्या संहितेत नाही. मग गात पायऱ्या उतरली, खुर्च्यांच्या मधून चालत दाराबाहेर गेली. गाणं गेटपर्यंत ऐकू येत होतं.
पडद्याची दोरी अडकली. मी हात पसरून उभाच. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आईसुद्धा, पर्स काखेत मारून.
मी मेकअप पुसून पोचेपर्यंत आईने तिला गाठलं होतं. डबी उघडलेली. “ही घे बाई, तू मागितलेली सरी.”
“मी कधी मागितली, अक्का?”
दोघींनी माझ्याकडे बघितलं. मग फोन, दूध, वाणी, रवा सगळं निघालं. शाल्मली हसली नाही. हसायला हवी होती. म्हणाली, “माझं सगळं लक्ष दुधाकडे होतं. मला काही ऐकूच आलं नव्हतं. परत का नाही विचारलं?”
निर्णयाच्या अपमानाचं उत्तर तयार होतं, तेवढ्यात ती म्हणाली,
“आत्ता विचारा.”
आई, सुधींद्र, बटाटेवडा धरलेले मंडळाचे चार सभासद. विचारलं.
“नाही,” ती म्हणाली. शुद्ध मराठीत. याचा कन्नडमध्ये दुसरा अर्थ होत नाही, मी सुधींद्रला विचारून घेतलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार
आई गेली. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाली, “मुलगी मला फार आवडली. बरं झालं नाही म्हणाली.”
घरी आलो तर खालून घरमालकीण धनलक्ष्मीअम्मांनी हाक मारली, फोन आहे. शाल्मली. येलहंक्याच्या एअरफोर्समधल्या मराठी लोकांना प्रयोग हवाय, ९ मार्चला. शेवट तिचाच. इनामदाराचा मुलगा मिळत नाहीये. फक्त हात पसरून उभं राहायचं.
“तुम्ही फार छान उभे राहिलात, अण्णा. खरंच. येणार ना?”
मी म्हटलं, “सरी.”
आणि कुठलं सरी ते तिने विचारायच्या आत फोन ठेवला.