मार्थासाठी रूथनं केलेली प्रार्थना

सास्तूर, गुरुवार, दिवेलागण

आज माझ्या मार्थाला माती दिली. चाळीसेक वर्षांचा संसार, आणि रडू आलं नाही. अजूनही नाही.

चर्चच्या पाळकसाहेबांची गाडी उमरग्याजवळ बंद पडली, इकडं ऊन चढत गेलं. कबरीपाशी प्रार्थना कोण करणार? सगळे खाली बघत राहिले. मीही. शाळेतल्या इतक्या कविता अजून पाठ आहेत, पण आज एक ओळ जवळ येईना.

तेव्हा नात पुढं झाली. रूथ, अकरावीतली. पायात शाळेचेच बूट.

"मी करते."

मंडळीतले दाविदकाका म्हणाले, "अगं, हे काय गॅदरिंग हाय व्हय? तुझं वय काय!"

"मग तुम्ही करा, काका."

काका मागं सरले. त्याच बुटांत ती कबरीच्या कडेला जाऊन उभी राहिली. मी बुटांकडंच का बघत होतो, कोण जाणे.

पाठ केलेलं तिनं काही म्हटलं नाही. डोळे मिटून बोलली, "देवबापा, आमच्या आजीचे गुडघे लई दुखायचे. तिला लांब चालवू नको. तूच थोडा पुढं ये."

मग आमेन म्हणालो. सगळ्यांच्या आधी, मी.