जड ग्रहावरून परतलेली बहीण

२८ ऑगस्ट २०२४

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी पटकथा आणि सोबतचे पत्र मिळाले. प्रथम पत्राविषयी. तुझे आजोबा जिन्यावरून पडून अंथरुणाला खिळले, त्याच दिवशी मी ट्रंक उचलून छापखान्याच्या नोकरीवर निघून गेलो आणि पुढची अकरा वर्षे घराकडे फिरकलो नाही, असे तू लिहितेस. ही माहिती चुकीची आहे. पडल्यानंतर पंधरा दिवस मी घरीच होतो आणि पुढे वर्षातून एकदा येत होतो. तुझ्या आईने सांगितले, एवढ्यावरून ते खरे ठरत नाही. तारखांच्या बाबतीत ती लहानपणापासून बेशिस्त आहे. शिवाय मामाला ‘तीर्थरूप’ लिहीत नाहीत, तो मान आईवडिलांचा. मामा ‘तीर्थस्वरूप’. जन्मभर मुद्रिते तपासणाऱ्याच्या भाचीला एवढे यायला हरकत नाही.

आता पटकथा. बहीण जड ग्रहावर उतरते, तिथे जायबंदी झालेल्या वृद्ध कप्तानाची शुश्रूषा करते आणि भाऊ वर यानात थांबतो, इथपर्यंत सर्व ठीक. पण शेवटी बहीण पांढऱ्या केसांनी वर येते आणि भाऊ आहे तसाच तरणाबांड. हे नेमके उलटे झाले आहे. प्रचंड वस्तुमानाजवळ वेळ सावकाश चालतो. खाली तिचे चार महिने होतील, तेव्हा वर त्याची तीस वर्षे उलटलेली असतील. म्हातारा व्हायचा तो भाऊ. असले चित्रपट मी पुष्कळ पाहिले आहेत. यान पुठ्ठ्याचे असले तरी चालते, पण घड्याळ चुकले की प्रेक्षक खुर्चीत चुळबुळ करू लागतो.

तुझ्या आईचा गुडघा कसा आहे ते कळव. मी विचारल्याचे तिला सांगू नकोस.

लोभ आहेच. तो वाढवायचा की नाही, हे उत्तर किती लवकर येते त्यावर ठरवीन.
तुझा मामा


३ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप मामांना (या वेळी बघून लिहिलंय),
सा. न. वि. वि.

फोनच करणार होते, पण फोनवर तुम्ही वाक्य संपायच्या आत सुधारता, त्यापेक्षा पत्र बरं. केसांची चूक माझी नाही, आईची आहे. तिचं म्हणणं असं की, ओझं उचलतो तोच आधी म्हातारा होतो, शास्त्र काहीही सांगो. दिग्दर्शकालाही ते पटलं होतं.

तुमच्या पत्राप्रमाणे शेवट बदलला आणि मटार सोलत बसलेल्या आईला वाचून दाखवला. बहीण वर येते, तिचे केस काळेच, आणि दारात पाठीत वाकलेला भाऊ. आईचे हात थांबले. म्हणाली की हेच बरोबर आहे. आजोबा गेले आणि ती त्या खोलीतून बाहेर आली, तेव्हा तिच्या मैत्रिणींची मुलं शाळेत जात होती, कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटी बदलली होती, तुमच्या मिश्या पिकायला लागल्या होत्या. तिच्यासाठी मात्र तुम्ही ट्रंक घेऊन जिना उतरलात तीच संध्याकाळ चालू होती. तुम्ही म्हणाला होतात म्हणे, आठ दिवसांत येतो.

मामा, लग्नाकार्यात तुम्ही दोघं एकमेकांना कसं काय, बरं आहे, एवढंच विचारता. मला वाटायचं जुनं भांडण आहे, विरलं असेल. तिचं ते जुनं झालेलंच नाही.

गुडघ्याचं ऑपरेशन सतरा तारखेला आहे. नंतर महिनाभर कुणीतरी सोबत हवं असं डॉक्टर म्हणतात, आणि माझं शूटिंग त्याच आठवड्यात सुरू होतंय. नर्स ठेवू म्हटलं तर परकं माणूस घरात नको म्हणते. मामाला बोलावू का विचारलं, तर म्हणाली, बोलावून तर बघ. मग जेवण झाल्यावर आतल्या खोलीतल्या पलंगाची चादर बदलली आणि तिथला दिवा लागतो का ते दोनदा पाहिलं. हे मी लिहिलं असं तिला म्हणू नका.

काळजी घ्या. रागावलात तरी लोभ कमी करू नका.
तुमची चिमणी


८ सप्टेंबर २०२४

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र चार वेळा वाचले. शुद्धलेखनाची एकच चूक सापडली आणि ती सांगण्याची इच्छा झाली नाही.

पटकथेतला नवा शेवट योग्य आहे. फक्त भावाच्या तोंडी घातलेले दीड पानाचे भाषण काढून टाक. तीस वर्षे दारात उभा असलेला मनुष्य इतके बोलत नाही. त्याने तिच्या हातातली पिशवी घ्यावी आणि जेवलीस का म्हणून विचारावे. तेवढे पुरे.

आणखी एक शास्त्रीय मुद्दा. जिन्याच्या खालच्या पायरीवरचे घड्याळही वरच्या पायरीवरच्यापेक्षा मागे पडते, अर्थात इतके किंचित की कुणाला कळू नये. त्या संध्याकाळी वरच्या पायरीवर तुझी आई होती आणि खाली मी उतरत होतो, म्हणजे हिशेबाने तरुण मी राहायला हवे होते. पण जड काय होते हे शास्त्राला ठाऊक नव्हते. ते वर, खोलीत होते.

तुझ्या आईला हे पत्र दाखवलेस तरी चालेल. ती चुका काढील. काढू दे. दिव्याचे एक सांग, मला उशाशी मंद दिवा लागतो, तिला ठाऊक आहे.

मागच्या पत्रात मी तुझ्या तारखा दुरुस्त केल्या होत्या. आता माझ्या.

१४ जून १९७९ : वडील जिन्यावरून पडले.

२९ जून १९७९ : मी घर सोडले. तुझी आई हे दोन्ही दिवस एकच मानते. तिच्या जागेवरून ते तसेच दिसले असणार. माझी दुरुस्ती मागे घेतो.

२ नोव्हेंबर १९९० : वडील गेले. माझ्या घड्याळाप्रमाणे अकरा वर्षांनी, तिच्या घड्याळाप्रमाणे त्याच रात्री.

१६ सप्टेंबर २०२४, सोमवार : दुपारच्या गाडीने पोहोचतो. आठ दिवस पूर्ण.