पुजलेली शिडी

॥ श्री ॥
विश्रामबाग, सांगली
१२ ऑगस्ट २०२५

ती. तात्यांस चारूचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. फोनवर मी घसा खरवडून ओरडायचं आणि तुम्ही पलीकडून नुसतं कोण, कोण करायचं, त्यापेक्षा हेच बरं. कानाचं यंत्र पुन्हा कपाटात ठेवलंत ना? शेजारच्या काकूंनी चुगली केली आहे.

‘कमवा आणि शिका’ योजनेतली मुलं यंदा आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाला भरपूर मिळाली. मिळाली नसती तर कुलूपच लावावं लागलं असतं, कारण शिपाई निवृत्त झाला की त्याची जागा भरायची नाही असा नवा रिवाज आहे. जयराजला देवघेवीच्या खिडकीवर बसवलंय, त्याच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. वीरधवल (आपला धवल नव्हे) जुनी पुस्तकं स्कॅन करतो. भार्गवी अंध मुलांना वाचून दाखवते आणि दुःखाचा भाग आला की त्यांच्याआधी स्वतःच रडते. आणि एक राणी आहे, आटपाडीकडच्या धनगराची मुलगी, इतिहासात एम. ए. करते. तिला पुस्तकांना बारकोड चिकटवायला बसवलं, तर दोन दिवसांत येऊन म्हणाली की बसून बसून पायाला मुंग्या येतात, मला चढायचं काम द्या. लहानपणी बाभळीवर चढून मेंढरांना पाला पाडायची म्हणे. आता वरचे सगळे कप्पे तिच्याकडे. आईवडील दसरा झाला की कळप घेऊन घाटाकडे निघतात, ही वसतिगृहात राहते. तिला ग्रंथपाल व्हायचंय. माझ्या खुर्चीकडे अशी बघते की मी उठताना जरा जपूनच उठते.

तुमची शिडी उत्तम आहे. लेकीपेक्षा तिचीच चौकशी जास्त! तब्येतीला जपा. लोभ आहेच, तो यंत्र लावून वाढवावा.

आपली,
चारू

॥ श्री ॥
सातारा
२२ सप्टेंबर २०२५

चि. सौ. चारूस अ. उ. आ.

यंत्रात भांडी आपटल्यासारखं ऐकू येतं. काकूंना सांग, स्वतःच्या घरचं बघा.

शिडीची चौकशी करणारच. आमचं वाचनालय बंद पडलं तेव्हा पुस्तकं रद्दीत गेली, कपाटं हॉटेलवाल्यानं नेली, हाती लागली ती एवढी सागवानी शिडी. उभा जन्म तिच्यावर काढला. तुझ्या स्वाधीन केली ती तू सांभाळशील म्हणून.

आता खंडेनवमी आली. आपल्याकडे शिक्का, कात्री, दाभण आणि शिडी पूजेला मांडायची पद्धत होती, ती मोडू नकोस. पुजलेली हत्यारं उत्तरपूजा होईपर्यंत जागची हलवायची नाहीत, हेही मुलांना सांग. आपल्या धवलला म्हणावं, आजोबांना शिडीचा फोटो कागदावर काढून पाठव, मोबाइलमधलं मला दिसत नाही. त्या राणीला माझा आशीर्वाद. चढण्याआधी शिडीला हात जोडत जा म्हणावं, मी जोडत असे.

तुझा,
तात्या

॥ श्री ॥
विश्रामबाग, सांगली
९ ऑक्टोबर २०२५

ती. तात्यांस सा. न. वि. वि.

धवलनं फोटो पाठवलाय, तो मिळाला असेल. पुढचं कसं लिहू कळत नाही.

शनिवारी तपासणी समिती येणार होती. प्राचार्यांचा निरोप आला की समितीला एकही कप्पा विस्कटलेला दिसता कामा नये. दसऱ्याची सुट्टी होती, तरी मी मुलांना बोलावलं. राणी त्या दिवशी गावी जाणार होती, आईवडील निघायच्या आधी भेटायला. मी म्हटलं, दुपारपर्यंत थांब, मग जा. ती थांबली आणि वरच्या कप्प्याशी शिडीवरून पडली. पाठीवरच पडली, तात्या. डॉक्टर म्हणतात, मणका गेला, कमरेखाली काही कळत नाही. ती पुन्हा चालणार नाही. हे तिच्या वडिलांना साध्या मराठीतून समजावून सांगायला डॉक्टरांनी मला पुढे केलं. बिराप्पा नाव त्यांचं. खांद्यावरचं घोंगडं त्यांनी बाकावर अंथरलं आणि मलाच म्हणाले की बाई, तुम्ही बसा.

आता कॉलेज म्हणतं की सुट्टीच्या दिवशी योजनेचं काम नसतंच. राणी आपल्या मर्जीनं वाचायला आली होती, असं मी माझ्या सहीनं लिहून द्यायचं. तसं दिलं, तर तिच्या उपचारांशी कॉलेजचा संबंध संपला. नाही दिलं, तर माझी चौकशी, कदाचित घरी बसवतील. निवृत्ती तोंडावर आलीय, धवलचं शिक्षण व्हायचंय. झोप लागत नाही. काय करू, सांगा.

आपली,
चारू

॥ श्री ॥
सातारा
१३ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. चारूस अ. उ. आ.

लिहून देऊ नकोस. खबरदार! तू बोलावलंस, म्हणून ती आली. याच्या पुढे-मागे एक अक्षर नको. नोकरी गेली तर सातारला ये, मी अजून भाकरी थापू शकतो, वाकडी का होईना.

कुठली शिडी होती तेवढं कळव. ती ॲल्युमिनियमची डुगडुगणारी असणार. माझी असती तर पोर पडली नसती. हा आडमुठेपणा कोणाचा, की घरात भक्कम शिडी असून मुलीला पत्र्यावर चढवायचं?

राणीला दवाखान्याच्या पत्त्यावर वेगळं लिहितो आहे. तिला धीर दे. तुलाही तो पुरो.

तुझा,
तात्या

॥ बिरोबा प्रसन्न ॥
सांगली
२७ ऑक्टोबर २०२५

ती. तात्या आजोबांस राणीचा पाया पडून नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. आईला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणली, एवढ्या म्हाताऱ्या माणसानं आपल्यासाठी लिवलं, मग आपून बी लिवायचं. हात चांगलं हायत माझं, पडूनच लिहिते, म्हणून ओळी वाकड्या.

आबा मेंढरं घेऊन गेलं. थांबून भागत न्हाई, चारा संपला. आई माझ्याजवळ हाय. जाताना आबांनी माझ्या पायावरनं हात फिरवला. मला कळलं न्हाई हात फिरवलेला, आईनं सांगितलं तवा कळलं.

बाई रोज डबा आणतात. आपल्या हातानं भरवतात, पर माझ्याकडं बघत न्हाईत. आजोबा, बाईंना रागवू नका. त्यांनी कॉलेजला कागद लिहून दिला, मी बी सही केली, की मी माझ्या मनानं आले होते. सही करताना त्या लय रडल्या. आई म्हणली, दे सही, त्यांच्या लेकराचं तरी नीट होऊ दे. मी दिली.

तुमी इचारलं, शिडी कंची. बाईंनी सांगितलं न्हाई व्हय? तुमचीच. पत्र्याची बी तिथंच होती. पर आदल्या दिवशी तुमच्या शिडीला हळदकुंकू लावलं होतं, झेंडूची माळ होती. आमच्यात म्हणत्यात, पुजलेली चीज दगा देत न्हाई. हलवायची न्हाई हे ठावं होतं, पर प्राचार्य साहेबांची घाई होती. म्हणून मी आधी तिला हात जोडलं, तुमी सांगितलं होतं तसं, मग चढले. एरवी ती दाराआड असायची, वापरू नये अशी चिठ्ठी बांधलेली. पूजेला मांडली तवा चिठ्ठी नव्हती. मला वाटलं, बाईंनी दुरुस्त करून घेतली.

तुमची शिडी मोडली माझ्या हातनं. जमलं तर माफ करा. माया ठेवा.

तुमची,
राणी

सातारा
३० ऑक्टोबर २०२५

चारू,

राणीचं पत्र आलं. सोबत ठेवलं आहे. पूर्ण वाच.

फोटो देवापाशी लावला होता. तो काढून खिडकीत नेला आणि भिंग लावून पाहिला. हळदकुंकू आहे, माळ आहे, आणि वरच्या पायरीला सुतळीची गाठ आहे. इतके दिवस ती मी पूजेची समजत होतो. चिठ्ठी बांधलेली सुतळी आहे ती. चिठ्ठी तोडलीस, गाठ राहिली.

शिडी आधीच मोडकळीला आली होती, हे मला कळवायला तू भ्यालीस. फोटोत चिठ्ठी दिसली असती, तर म्हाताऱ्याला वाईट वाटलं असतं. ‘शिडी कशी आहे, शिडी कशी आहे’ करून मीच तुझ्यावर ती पाळी आणली. एका लाकडासाठी! तेवढा वाटा माझा, तो मी कोणावर ढकलणार नाही. पण कागदावर सही केलीस ती मला सांभाळायला नव्हे. आणि त्या पोरीकडून सही घेतलीस, ते तर माझ्या कल्पनेबाहेरचं. तू डबा नेतेस आणि ती तुझी बाजू घेऊन मला लिहिते. मला लाज वाटली चारू, फार वाटली.

सोमवारच्या पहिल्या एस.टी.नं निघतो. स्टँडवर ये. आधी दवाखान्यात, मग तुझ्या प्राचार्यांकडे. तू सुट्टीला बोलावलंस, चिठ्ठी तू काढलीस, एवढं तू सांगायचं. शिडी माझी होती आणि पूजा मांडायला मी लावलं, एवढं मी सांगेन. यंत्र घरीच ठेवून येणार आहे. ते काय समजूत घालतील ती मला ऐकू येणार नाही, म्हणून मी तिथून हलणारही नाही. मोडके तुकडे अजून असतील तर टाकू नकोस, चौकशीला लागतील.

तुझी नोकरी जाईल. कदाचित राणीला काही मिळेल, कदाचित नाहीही मिळणार. ती काही उठून चालायला लागणार नाही. एवढं मलाही कळतं.

वर आशीर्वाद लिहायला घेतला आणि हात थांबला. आजवर तुला लिहिलेल्या एकाही पत्रात तो राहिला नव्हता. सोमवारी तू तो कागद परत मागितलास, की तिथंच डोक्यावर हात ठेवून देईन.

तुझा,
तात्या