आश्विनातलं तेल

आये, परवा आमच्या इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये एका मुलीचं भाषण झालं. विषय होता, शरद ऋतूत स्वतःची काळजी कशी घ्यावी. मी आता वाशिंदला मुलाकडे असते आणि इथे बायकांसाठी असं अधूनमधून काहीतरी ठेवतात. मुलगी चांगली होती. पाऊस सरला आणि ऊन तापायला लागलं की पित्त उसळतं, म्हणून कडू खा, हलकं खा, आंबट ताक नको, दुपारचं ऊन नको, अंघोळीआधी कोमट तेल चोळा, रोज थोडा वेळ फक्त स्वतःला द्या, असं ती सांगत होती. त्यात चूक काहीच नव्हतं. तूही जवळपास हेच सांगायचीस, फक्त तुझ्या सांगण्यात 'स्वतःला' हा शब्द कधी आला नाही. शेवटी तिनं मला पुढच्या खुर्चीवर बघितलं आणि माइक माझ्या तोंडाशी धरला. "आजी, तुमच्या लहानपणी आश्विनात काय करायचे?" मी म्हटलं, "तेल लावायचो." सगळ्या जणींनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा मला इतका राग आला की चहा न घेताच वर आले. त्यांचा काय दोष, हे मला कळतं. तरी राग आला, आणि तो अजून गेलेला नाही, म्हणून तुला लिहायला बसले आहे.

मुरबाडच्या पलीकडे, गावाच्या शिवेबाहेर आपली वाडी. जमीन कुणालाच नव्हती. गावातल्यांचं भात लावायचं, कापायचं, झोडून द्यायचं, आणि दिवाळी झाली की जंगलात कोळशाच्या भट्टीवर जायचं, ते पाऊस तोंडावर येईपर्यंत. भट्टीवर नेणारा मुकादम दिवाळीच्या जरा आधी वाडीत यायचा आणि माणसं बघून ठरवायचा. त्यानं नको म्हटलेल्या घरात पुढे काय शिजायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. आधी रानातले कंद, आणि कंद संपले की चूल नुसती सारवून ठेवायची. मी सांगतेय त्या सालाच्या आदल्या वर्षी ज्या घराला त्यानं नको म्हटलं होतं, त्या घरातली दोन पोरं पाऊस यायच्या आत गेली होती. म्हणून आश्विन हा तुझ्या कामाचा महिना. चार महिने चिखलात उभं राहून कुजलेली माणसं तुला मुकादमाच्या पुढे धडधाकट उभी करायची असायची. बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या, टाचांच्या भेगा, अंगावरचं खरूज, पोटातले जंत, एकेकाचं तू काढत बसायचीस. भेगांत बिब्ब्याचं तेल भरायचीस तेव्हा मोठे बाप्येसुद्धा ओरडायचे. तू म्हणायचीस, "बोंबल, बोंबल. भट्टीवर बोंबलशील तर मुकादम घरी धाडील." मग हसायचे सगळे. तूही हसायचीस, पण हात थांबायचा नाही.

सातवीण फुलली की रानात तिचा वास डोकं दुखेपर्यंत भरून राहायचा, आणि तू कोयता घेऊन साल काढायला जायचीस. त्या सालीचा काढा वाडीतल्या प्रत्येकाला सकाळी उपाशीपोटी. मी तोंड फिरवलं की तू माझं नाक दाबायचीस. बाहेर दंवात निजायचं नाही, पहिल्या भाताची पेज एकदम पोटभर प्यायची नाही, उन्हातून आल्याआल्या पाणी प्यायचं नाही. तुझे नियम मला अजून तोंडपाठ आहेत. मोहाच्या बियांचं तेल तू चुलीवर नुसतं कोमट करायचीस, आणि पाठीवरून तुझा हात फिरला की मला तिथेच झोप यायची. तेवढं एक सुख त्या महिन्यात होतं. बाकी आश्विन मला कधी आवडला नाही.

त्या सालांत सरकारी फवारणीवाले यायला लागले होते. घराघरांतल्या भिंतींवर डासांचं औषध मारून जात आणि सांगत, यावर सारवू नका. पण नवरात्रासाठी घर सारवायचं नाही म्हणजे काय, हे तुला कुणी पटवून देऊ शकलं नसतं. तू कुडावर शेणमातीचा असा सुरेख हात फिरवलास की औषधाचा ठिपका कुठे उरला नाही. सगळ्या वाडीनं तेच केलं. पंधरवड्यात माझ्या बाला हिवताप भरला. एक दिवस आड करून यायचा. आला की बा दात वाजवत गोधडीत पडायचा, त्याच्यावर तू पोतं टाकायचीस, आणि पोत्यावर मला बसवायचीस. दुसऱ्या दिवशी उठून भात कापायला जायचा. सातविणीचा काढा तू त्याला दुप्पट केलास. ताप जरा नरमला, पण बाचा चेहरा मातीसारखा झाला आणि डाव्या बरगडीखाली हाताला लागेल अशी गाठ आली. पानथरी, म्हणजे हिवतापानं सुजलेली प्लीहा. वाडीतल्या लहान पोरालाही हा शब्द माहीत होता, कारण मुकादम नेमकी तीच बघायचा.

त्या मुकादमाला मी कधी शिव्या देऊ शकले नाही. आडदांड माणूस, पण बोलायला सरळ. काही सालांपूर्वी त्याच्या भट्टीवर दोघं मेले होते, दोघांनाही पानथरी होती. तेव्हापासून तो आधी जीभ बघायचा, मग डोळ्यांची खालची पापणी ओढून बघायचा, आणि मग माणसाला उताणा निजवून डाव्या बरगडीखाली चार बोटं घालायचा. "मला मानूस कामाला न्यायचाय, मरायला नाय," असं म्हणायचा. यात काय चुकीचं होतं?

तो येणार त्या दिवशी तापाची पाळी नव्हती, एवढं एक नशीब. सकाळी उजाडताच तू बाला चुलीपुढे बसवलंस. आधी त्याला कात-चुन्याचं पान चघळायला लावलंस, पुन्हा दुसरं, पांढरी पडलेली जीभ आणि ओठ लाल व्हावेत म्हणून. मग तोंडाला, मानेला, दंडांना तेल चोळलंस. बा चमकायला लागला. मला वाटलं, बा बरा झाला. मग तू त्याला आडवा केलास आणि पोट चोळायला घेतलंस. खालून वर, बरगडीच्या आत, पुन्हा खालून वर. तुझी बोटं मला दिसत होती, ती गाठ तू बरगडीखाली ढकलत होतीस. बानं तुझं मनगट धरलं.

"पोटाला नको गो. दुखतंय."

"गप ऱ्हा."

"अगं आत काय तरी सरकतंय."

"सरकू दे. त्यानं बोटं घातली का दम वर ओढून धर. सोडू नको. तो उठला का मंग सोड."

मी दारात उभी होते. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "तू भाईर बस. कोनी आला तर हाक मार." मी बाहेर बसले. आतून बाचा आवाज येत नव्हता, तुझ्या बांगड्यांचा येत होता. शेवटी तू कांदा कापून त्याच्या डोळ्यांजवळ धरलास, म्हणजे पापण्या आतून लाल दिसतील. मुकादम आला तेव्हा बा डोळे पुसत, तोंड लाल करून, तेलानं चकाकत वाडीच्या मधोमध उभा होता. कुणाच्या लग्नाला निघालेला वाटत होता. मुकादमानं जीभ बघितली, पापणी बघितली, त्याला घोंगडीवर निजवून बोटं घातली. बानं दम ओढून धरला. मला आठवतं, मीही धरला होता. मुकादम जरा थांबला, पुन्हा एकदा बोटं घातली, मग उठून म्हणाला, "चल, तुमचा घर घेतला." तू चुलीपाशी गेलीस आणि उरलेलं तेल माझ्या टाळूवर थापलंस.

भट्टी टोकावड्याच्या पुढे, घाटाच्या पायथ्याच्या रानात होती. लाकडं तोडायची, वाहायची, रचायची, पाला-मातीनं लिंपायची आणि आत आग सोडून दिवसरात्र राखायची. माती कुठे फाटली आणि आत हवा शिरली की कोळशाची राख होते, म्हणून एक जण सतत जागा पाहिजे. बानं महिनाभर काम ओढलं. ताप येतच होता; आला की तू त्याला रचलेल्या लाकडांमागे लपवायचीस आणि त्याची कुऱ्हाड स्वतः चालवायचीस. एका दुपारी ओंडका खांद्यावरून उतरवताना त्याचं टोक बाच्या डाव्या कुशीला लागलं. जोरात नाही. मला साधं खरचटलंही नसतं. बा म्हणाला, "जरा बसतो." बसला. पाणी मागितलं. तू आणून दिलंस तोवर त्याचे ओठ पांढरे पडले होते, आणि पोट ताठ. सावल्या लांबायच्या आत बा गेला. मुकादम येऊन उभा राहिला, त्यानं खाली वाकून बाच्या बरगडीखाली हात लावला आणि तुझ्याकडे बघितलं. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळ वर्षं वाटायचं. त्यानं आपल्याला परत धाडलं नाही एवढं मात्र खरं. बाच्या जागी तू लाकूड तोडलंस, आणि राखणीला मी बसले.

पुढचं तुला माहीत आहे. तू मला आश्रमशाळेत घातलंस, तिथून मी नर्सिंगला गेले. शिकताना एके दिवशी डॉक्टरांनी वॉर्डातल्या एका रोग्याला निजवून पानथरी कशी बघायची ते दाखवलं. माझी बोटं पहिल्याच वेळी बरोबर जागी गेली. "आधी कुठे शिकलीस का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. मग ते म्हणाले, हिवतापात वाढलेली पानथरी फार नाजूक असते, पोट कधी दाबून चोळायचं नाही, बारीकशा धक्क्यानंही ती आत फुटते आणि माणूस हातचा जातो. सगळ्या मुली लिहून घेत होत्या. मी वही मिटली होती. चोळण्यानं ती कमजोर झाली की ओंडक्यानंच फुटली, हे कुणी सांगू शकणार नाही. मी तेव्हा सांगू शकत नव्हते, आज इतकी वर्षं सरकारी दवाखान्यात घालवूनही सांगू शकत नाही. पण त्या दिवशी मी ठरवलं की हे तुला कधी कळू द्यायचं नाही. तुला बिचारीला काय ठाऊक, असं मी धरून चालले. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याचं अज्ञान फार लवकर दिसतं.

मग शहापूरला नोकरी लागली, आणि साठची सालं सरता सरता तू माझ्या खोलीवर आलीस ती आजारी होऊनच. आश्विनच होता. तुझ्या पायांना मी तेल लावत होते. तू छताकडे बघत होतीस, आणि मध्येच म्हणालीस, "तू दवाखान्यात काम करतीस. तुझा बा कशानं गेला गो?"

"धुरानं," मी म्हटलं. "भट्टीचा धूर छातीत जातो."

"खोटा बोलू नको. तुला जमत नाय."

मी पाय चोळत राहिले. 

"पानथरीवर हात धरायचा नसतो," तू म्हणालीस. "माझ्या आयनं शिकवला होता मला, तुझ्याएवढी पन नव्हते तवा. वाडीत कोनाला पानथरी आली तर मी सगल्या अंगाला तेल लावायची, पोट सोडायची. मला ठाव होता."

"मग का केलंस, आये?"

तू माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही, मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं असावं तसं. "त्या सालात तुझ्या बरगड्या मोजून घेता येत होत्या," तू म्हणालीस. "तुझा बा पन बघत व्हता त्या. म्हनून तर त्यानं दम धरला." आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलंस. दिवाळीच्या आधी तू गेलीस. त्यावर आपण पुन्हा बोललो नाही.

म्हणजे तुम्हा दोघांनाही माहीत होतं. ही गोष्ट मी इतकी वर्षं उलटसुलट करून बघितली. कधी मला तुझा संताप येतो, कधी बाचा, की त्यानं तुझं मनगट पुन्हा का धरलं नाही. कधी वाटतं, तुला सांगावं की तू बरोबर केलंस. ते माझ्यानं लिहवत नाही. चुकलीस असंही लिहवत नाही. हे कागद मी मुलाला दाखवणार नाही. त्याला त्याचा आजा धुरानं गेला हेच ठाऊक आहे आणि तेच राहू दे.

एकच सांगते, ते तुला तेव्हाही सांगितलं नव्हतं. भट्टीवर मुकादम रोज भात द्यायचा, ताटभर, वर डाळ. जन्मात पहिल्यांदा मी पोट भरेपर्यंत जेवले ती तिथे. बाला रानात पुरून आपण परत आलो, तू चुलीपुढे बसून राहिलीस, ताटाला हात लावला नाहीस. मी माझा भात खाल्ला. मग तुझ्याकडे बघितलं, तू बघत नव्हतीस, आणि तुझाही खाल्ला. तो मला गोड लागला, आये.