बाबा अजून तुझ्या पद्धतीनं शर्ट झटकतात

प्रिय आई,

काल बाबा जिन्यात थांबले. दुसऱ्या मजल्यावर, कठड्याला धरून. मी वर दारात उभा होतो. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "सोसायटीनं जिना वाढवला की काय रे?" आणि हसले. हसता हसता खोकले, आणि तो खोकला लवकर थांबेना.

आई, हेच वाक्य तू म्हणाली होतीस. तिथेच उभी राहून. तेव्हा मी हसलो होतो, वर तुला म्हणालो होतो की वजन कमी कर. काल मात्र मला हसता आलं नाही. म्हणून हे पत्र.

तू म्हणशील, कॉलेजात असताना एक असाइनमेंट वेळेवर दिली नाहीस आणि आता पत्रं लिहितोस होय? पण मी बोलू कुणाशी? ज्या एका माणसाशी बोलायला हवं, त्यालाच सांगायचं नाही असं वचन तू घेऊन ठेवलंस. तेही माझ्याकडून! "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही" असं आयुष्यभर म्हणत आलीस आणि जाताना सगळ्यात जड गोष्ट माझ्याच तोंडात ठेवून गेलीस.

तुझा खोकला सुरू झाला तेव्हा आपण किती दवाखाने फिरलो, आठवतं? प्रत्येक ठिकाणी तेच. सिगारेट? नाही. तंबाखू, मिश्री? नाही. काम काय करता? आणि तू दर वेळी पदर सावरून सांगायचीस, "काही नाही हो, घरीच असते." काही नाही! अगं, पहाटेपासून रात्रीपर्यंत तू काय करत होतीस मग? पण डॉक्टर ते 'काही नाही' लिहून घ्यायचे आणि पुढे जायचे. छातीत पाणी झालंय म्हणाले, सुईनं काढलं, टीबीच्या गोळ्या चालू केल्या. तू त्या इमानदारीत घेतल्यास. पाणी पुन्हा भरलं. पुन्हा काढलं. तू वाळत गेलीस आणि मी यूट्यूबवर फुप्फुसाचे व्यायाम शोधत बसलो.

मग त्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर मॅडम. बायोप्सीचा रिपोर्ट समोर ठेवून त्यांनी पहिल्यांदा वेगळं विचारलं, "घरात सिमेंटच्या पत्र्यांचं काम कोणी करतं का?"

बाबा तेव्हा खाली औषधं आणायला गेले होते. मी म्हणालो, वडील करतात. शेड बांधतात. ग्राइंडरनं पत्रे कापतात, भोकं पाडतात. मॅडमनी पुढचं विचारलं, "आणि त्यांचे कपडे कोण धुतं?"

तुझा चेहरा आठवतोय मला. एखाद्या हुशार मुलीला बरोबर उत्तर सापडावं तसा झाला होता.

बाबांचे कपडे! पांढऱ्या भुकटीनं माखलेले. ती धूळ घरात नको म्हणून तू ते मागच्या गॅलरीत न्यायचीस आणि कठड्यावर फाट फाट आपटून झटकायचीस. डोळे बारीक करून, तोंड थोडंसं वळवून. कॉलर वेगळी, खिसे उलटे करून वेगळे. मगच बादलीत. शेजारच्या काकू तुझं उदाहरण द्यायच्या. त्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, मॅडम म्हणाल्या, त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासातून आत जातात ते बाहेर येत नाहीत, आणि कित्येक वर्षांनी फुप्फुसाच्या आवरणात कॅन्सर होऊन वर येतात. बाहेर कसे काढायचे ते जगात कुणाला माहीत नाही.

एवढी टापटीप कशाला गं केलीस? एखादी आळशी बाई त्या शर्टाचा बोळा करून सरळ पाण्यात टाकून मोकळी झाली असती. आज इथे बसून माझ्यावर ओरडत असती.

मी मॅडमच्या टेबलावर हात आपटला होता. एवढे दिवस हा प्रश्न कुणालाच का सुचला नाही म्हणून. ज्यांना सुचला त्यांच्यावरच ओरडलो. धाप लागलेली असताना तू त्यांची माफी मागितलीस. "वाईट नाहीये हो तो. लवकर तापतो फक्त." मग माझं मनगट घट्ट धरलंस. बाबांचं पाऊल पॅसेजमध्ये वाजत होतं. "हे कशानं झालं ते ह्यांना कळता कामा नये. मी गेल्यावरसुद्धा नाही. शपथ घे माझी."

घेतली. तेव्हा तू मागितलं असतंस ते काहीही दिलं असतं.

पण मला एक सांग, आता काय करू?

बाबा स्वतःचे कपडे स्वतः धुतात हल्ली. मी म्हणालो मशीनला लावू, तर नको म्हणतात. आणि धुण्याआधी गॅलरीत जातात. कठड्यावर शर्ट आपटतात, कॉलर वेगळी, खिसे उलटे. का, तर तुझी पद्धत. "तिला असं आवडायचं रे." तुझी आठवण म्हणून रोज संध्याकाळी ते ती धूळ उडवतात, आई, आणि त्या ढगात उभे राहतात! मी परवा शर्ट हिसकावून घेतला. ओरडलो. त्यांना वाटलं मला त्यांनी कपडे धुण्याची लाज वाटते. आत जाऊन भाजी निवडत बसले.

चांगल्या शब्दांतही सांगून बघितलं. म्हटलं, ती धूळ वाईट असते, एकदा छातीचा स्कॅन करू, ती नळीत फुंकायची तपासणी करू, मास्क आणून देतो. मॅडमनी मला बाजूला घेऊन बजावलंच होतं, वडिलांना घेऊन ये. बाबा काय म्हणाले? "इतकी वर्षं खातोय ही धूळ. त्रास व्हायचा असता तर मला झाला असता. तुझ्या आईनं कधी पत्र्याला हात लावला होता का?"

आता याला उत्तर एकच आहे. आणि ते तू कुलूप लावून ठेवलंयस.

सायलीला सांगितलं. हो, तीच, कर्वेनगरची. "कोथरूडात दूध मिळत नाही का, कर्वेनगरला जावं लागतं ते?" असं तू विचारायचीस तीच. वाघोलीच्या कॉलेजात आम्ही एकाच वर्गात होतो. मी सरांशी भांडून दुसऱ्या वर्षाला बाहेर पडलो, तिनं डिग्री घेतली, आता नोकरी करते. मी अजून तिच्या बिल्डिंगवरून गाडी हळू नेतो. ती अजून मला चांगला मित्र म्हणते. असो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कुणी हो म्हणत नाही म्हणून उपाशी राहायचं नसतं, जेवून घे."

सगळं ऐकून ती म्हणाली, "काकूंनी शपथ कुणासाठी घातली? काकांना वाचवायलाच ना? मग आता त्यांना काय वाचवतंय ते बघ."

मी उलटून बोललो तिला. तुला काय कळतं म्हणालो. तिथेही मीच. पण तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

आणि अजून एक गोष्ट आहे, जी तुला माहीत नाही. रिपोर्ट कळल्यापासून तू बाबांना सांगायचीस, साइटवरच कपडे बदला, अंघोळ केल्याशिवाय माझ्या खोलीत येऊ नका, मला सिमेंटचा वास सोसत नाही. मला कळत होतं तू ते कशासाठी करत होतीस. आमच्या दोघांच्या अंगावर ती धूळ राहू नये म्हणून. बाबांना नाही कळलं. परवा त्या शर्टावरून झालेल्या भांडणानंतर, भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "शेवटी शेवटी तिला माझा वाससुद्धा नको झाला होता."

ऐकतेस ना? तुझ्या गप्प राहण्यातून त्यांनी हे घेतलंय. हे ते रोज त्या जिन्यातून वर आणतात.

मला भीती वाटते, आई. सांगितलं तर कदाचित ते पुन्हा उभे राहणार नाहीत. नाही सांगितलं तर धूळ त्यांना उभं राहू देणार नाही. सांगून, तपासून, औषधं घेऊनही आत गेलेलं बाहेर येणार नाहीच. फक्त नवीन जाणं थांबेल, लक्ष ठेवता येईल. एवढंच. एवढ्यासाठी तुझी शपथ मोडायची? दुपारपासून मी हाच हिशेब करतोय आणि तो कुठूनही सुटत नाही.

खाली गाडी लागली. त्यांचीच. आता ते चढतायत. पहिला मजला. आता दुसरा. थांबलेत.

माझं वचन आता बदलून घे. मी आज त्यांना सांगणार आहे. तापून नाही, ओरडून नाही, शेजारी बसून. आधी वासाचं सांगीन, तू त्यांना का दूर ठेवत होतीस ते. बाकीचं त्यानंतर, त्यांना झेपेल तेवढं. रडले तर धरीन. मला मारलं तर मार खाईन. आणि रोजचा शर्ट मी धुवीन. झटकणार नाही. दारातच घेऊन, तसाच, पाण्यात बुडवीन.

खोकला थांबला. पावलं पुन्हा वाजायला लागली. बादली भरून दाराशी ठेवली आहे. मी उठतो.

तोंडात तीळ न भिजणारा,
तुझा
ओंकार